जिव्या सोमा म्हसे : जीवन, चित्रकार्य आणि आदिवासी कलेतील कर्तृत्वाचा प्रश्न

सारांश

वारली चित्रकलेला लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगातील कलासंग्रहालयांत नेणाऱ्या कलावंतांमध्ये जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व चित्रकार्याचा परिचय करून दिला असून, स्त्रियांनी जतन केलेल्या एका सामूहिक विधिकलेतून एका व्यक्तीची स्वतंत्र चित्रभाषा कशी घडली याचे विवेचन केले आहे. ‘आदिवासी कला’ या सर्वसमावेशक संज्ञेखाली व्यक्तीचे कर्तृत्व झाकले जाते, तर व्यक्तीच्या गौरवात समूहाचे ऋण विसरले जाते. या दोन्ही टोकांपासून दूर राहून म्हसे यांच्या कार्याकडे पाहणे आवश्यक आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वारली चित्रकला, लग्नचौक, सवासिनी, कर्तृत्व, भौगोलिक निर्देशन.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास बहुधा मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयापासून सुरू होतो आणि प्रागतिक कलावंतांच्या गटापर्यंत येऊन स्थिरावतो. या इतिहासात आदिवासी चित्रकारांना स्थान मिळते ते बहुतेक वेळा परिशिष्टात आणि तेही समूहाच्या नावाने. ‘वारली चित्र’ असे म्हटले की ते कोणी काढले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हुसेन किंवा गायतोंडे यांच्या चित्राखाली चित्रकाराचे नाव नसेल तर ते चित्र अपुरे वाटते. वारली चित्राखाली नाव नसले तरी कोणाला काही उणे वाटत नाही.

ही सवय मोडण्यास ज्यांचे जीवनकार्य कारणीभूत ठरले, त्यांत जिव्या सोमा म्हसे हे प्रमुख होत. मात्र त्यांचे महत्त्व केवळ ‘पहिले नामवंत वारली चित्रकार’ एवढ्यापुरते मर्यादित नाही. परंपरेने मिळालेल्या मोजक्या आकारांतून त्यांनी काय घडविले, हे चित्रांच्या आधारे समजून घेणे हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा ठरतो. त्यासाठी प्रथम त्या परंपरेचे स्वरूप पाहणे क्रमप्राप्त आहे.

वारली समाज आणि लग्नचौक

वारली ही उत्तर कोकणातील एक प्रमुख आदिवासी जमात होय. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगर हवेलीच्या प्रदेशात तिची वस्ती आहे. महाराष्ट्रातील हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. भातशेती, वनोपज, मासेमारी आणि मजुरी यांवर येथील जीवन उभे आहे. कणसरी ही धान्याची देवता, धरतरी ही भूमी आणि गावतरी ही गाय यांचे वारली श्रद्धाविश्वात मोठे स्थान आहे.

या समाजात भिंतीवरील चित्राचा मूळ संबंध लग्नविधीशी आहे. कुडाच्या भिंतीला शेणमातीने लिंपून त्यावर गेरूचा हात दिला जातो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग तयार होतो आणि बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तीच कुंचल्याचे काम देते. या सामग्रीतून सवासिनी स्त्रिया लग्नचौक काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती सर्जनाची व वनस्पतिसृष्टीच्या भरभराटीची देवता मानली जाते. भोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी, झाडे, पशुपक्षी आणि वऱ्हाडी माणसे येतात. लगतच्या देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी ही लग्न लावणारी स्त्री गीते गाते आणि चौकाचे काम पूर्ण झाल्यावाचून लग्न पुढे सरकत नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, चौक ‘काढला’ असे न म्हणता तो ‘लिहिला’ असे म्हणण्याची पद्धत वारली बोलीत आहे. ज्या बोलीला स्वतःची लिपी नाही, त्या बोलीच्या समाजाने चित्रालाच लेखन मानावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. दोन, हे लेखन स्त्रियांच्या हाती होते. लग्नाचा विधी संपला की भिंतीवरील चौकाचे कार्य संपले. पुढे धूर, पाऊस आणि नवे सारवण यांत तो विरून जाई. त्यावर नाव घालण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण तो कोणाच्या मालकीचा नव्हता.

या कलेच्या प्राचीनतेविषयी अनेक विधाने केली जातात. मध्य भारतातील शैलाश्रयांतील चित्रांशी तिचे साम्य दाखवून तिला काही सहस्रके मागे नेण्याचा प्रघात आहे. आकारांचे साम्य हे अखंड परंपरेचे प्रमाण ठरत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. मातीच्या भिंतीवरील तांदळाच्या पिठाची रेषा काळाच्या ओघात टिकत नाही, त्यामुळे असा पुरावा हाती लागणेही कठीण आहे. यशोधरा डालमिया यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या ग्रंथात या चित्रांचा विधी, मिथके आणि समाजजीवन यांच्या संदर्भात विस्ताराने विचार केला आहे. या कलेच्या अभ्यासासाठी तो ग्रंथ आजही महत्त्वाचा मानला जातो.

काळाची पार्श्वभूमी

म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. त्यांच्या बालपणीचा ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भाग हा जमीनदार-सावकारांच्या वर्चस्वाखाली होता. वेठबिगारी सर्रास चालत असे. ‘लगीनगडी’ हा शब्द त्या काळाची साक्ष देतो. लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली तरुण ते फेडण्यासाठी सावकाराच्या घरी व शेतावर राबत असे आणि ही बांधिलकी वर्षानुवर्षे सुटत नसे. १९४५ साली तलासरी-उंबरगाव परिसरातून वारल्यांचा उठाव सुरू झाला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने त्याचे नेतृत्व केले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकिकत नोंदविली आहे.

लग्नचौकाचे विवेचन करताना ही पार्श्वभूमी बहुधा वगळली जाते. ज्या लग्नात भिंतीवर सर्जनाची देवता लिहिली जाई, त्याच लग्नापायी माणूस गहाण पडत असे. चित्रातील सुबत्ता हे त्या समाजाच्या दैनंदिन वास्तवाचे सरळ प्रतिबिंब नव्हते. ती एक प्रार्थना होती. आदिवासी चित्रांना ‘निसर्गाच्या कुशीतील सुखी जीवनाची चित्रे’ असे वर्णन लावून मोकळे होणे म्हणूनच अपुरे आहे.

जीवनपट

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. वयाच्या सातव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. या आघाताने त्यांची वाचा बंद झाली आणि पुढील काही वर्षे ते जमिनीवर चित्रे रेखाटून आपले म्हणणे इतरांना कळवीत, असे त्यांच्या चरित्रकथनात सांगितले जाते. वयाच्या अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाडा येथे आले. पुढे हेच त्यांचे गाव झाले. शेतीची कामे आणि मजुरी करीत त्यांचे जीवन पुढे सरकले.

मौनाची ही कथा त्यांच्या प्रत्येक परिचयात येते. एका दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. मात्र तिचा एक धोका आहे. तीमुळे त्यांची कला ही एका दुःखातून आपोआप उमललेली वस्तू ठरते आणि त्यामागील निरीक्षण व दीर्घ सराव दृष्टिआड होतो. चौक लिहिणे हे स्त्रियांचे काम असलेल्या समाजात एका पुरुषाने ही रेषा आत्मसात केली आणि लग्नाचा प्रसंग नसतानाही तो रोज चित्र काढू लागला. प्रसंगापासून चित्राची अशी सुटका होणे हीच त्यांच्या कार्यातील पहिली मोठी घटना होय.

भास्कर कुलकर्णी आणि कागदाचे आगमन

वारली चित्रे घराबाहेर येण्यास एक शासकीय योजना निमित्त ठरली. १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला असता, हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठविले. तेथील स्त्रियांना कागद पुरवून भित्तिचित्रे कागदावर काढण्यास त्यांनी प्रवृत्त केले. मधुबनी चित्रांची बाजारपेठ या प्रयत्नातून आकारास आली. त्याच कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी डहाणू परिसरात वारली चित्रांसंबंधी काम सुरू केले. प्रथेनुसार स्त्रियांकडून चित्रे मिळतील अशी अपेक्षा होती. त्या शोधात जिव्या म्हसे यांचे असामान्य कौशल्य त्यांच्या दृष्टीस पडले.

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९७६ साली फ्रान्समधील मेंतों येथे त्यांची चित्रे प्रदर्शित झाली आणि त्याच वर्षी त्यांना आदिवासी कलेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अवघ्या काही वर्षांत पाड्यावरील एक चित्रकार आंतरराष्ट्रीय प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

या घटनाक्रमाचे वर्णन सामान्यतः ‘शोध’ या शब्दाने केले जाते. कुलकर्णी यांचे योगदान निःसंशय मोठे आहे. त्यांनी कागद आणला, प्रेक्षक आणला आणि चित्रकाराला त्याच्या नावाने सादर केले. परंतु शोधला गेलेला कलावंत हा तोवर अस्तित्वातच नव्हता असा ध्वनी या शब्दातून निघतो, तो टाळला पाहिजे. कागदाने म्हसे यांना कला दिली नाही. त्याने त्यांच्या कलेला टिकाऊपणा दिला, आणि टिकाऊपणाबरोबर मागे वळून पाहण्याची, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सुधारणा करीत जाण्याची संधी दिली. विरून जाणाऱ्या भिंतीवर ही संधी मर्यादित होती.

म्हसे यांची चित्रभाषा

म्हसे यांनी परंपरेतील मूळ आकार बदलले नाहीत. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन हेच त्यांचे साहित्य राहिले. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणसाचे धड बनते. वरचा त्रिकोण छातीचा व खालचा कमरेचा. त्रिकोणांच्या त्या नाजूक सांध्यावर शरीराचा सगळा तोल अवलंबून असतो. सांधा किंचित कलला की माणूस वाकतो, धावतो, ओझे उचलतो किंवा नाचतो. म्हसे यांच्या हातात हा कल विलक्षण अचूक होता. त्यांच्या चित्रातील माणसांना चेहरा नसतो, तरीही कोण थकला आहे आणि कोण उत्साहात आहे हे कळते.

त्यांच्या चित्रांचा प्रधान विषय गती हा होय. भाताची लावणी, कापणी, मळणी, मुंग्यांची रांग, पक्ष्यांचे थवे, झाडावर चढणारी मुले या सर्वांत एकाच क्षणी अनेक हालचाली चाललेल्या असतात. तारपा नृत्याच्या चित्रात हे विशेषत्वाने दिसते. सुकविलेला भोपळा व बांबू यांपासून बनविलेले तारपा हे वाद्य वाजविणारा मध्यभागी असतो आणि एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफलेल्या नर्तकांची रांग त्याच्याभोवती फिरत जाते. चित्रात ही रांग बंद वर्तुळ न होता उलगडत जाणारे वेटोळे बनते. पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून फिरू लागली की चित्र स्थिर राहत नाही.

दुसरे वैशिष्ट्य अवकाशाच्या हाताळणीचे आहे. या चित्रांत क्षितिज नाही, छाया नाही आणि दूरच्या वस्तू लहान दाखविण्याचा पाश्चात्य यथार्थदर्शनाचा नियमही नाही. शेत वरून दिसते, झाड समोरून दिसते आणि घराच्या आतील माणसेही भिंतीआड जात नाहीत. हे अज्ञान नसून एक निवड आहे. शेतात राबणारा माणूस शेत एका जागी उभे राहून पाहत नाही. तो ते पायाखालून जाणतो. त्या जाणण्याला अनुरूप असे हे अवकाश आहे.

तिसरे आणि त्यांचे सर्वांत स्वतःचे म्हणावे असे वैशिष्ट्य म्हणजे मासेमारीच्या जाळ्याची चित्रे. या चित्रांत अतिसूक्ष्म रेषांचे विणकाम कागदाचा किंवा कापडाचा मोठा भाग व्यापते. जवळून पाहिल्यास प्रत्येक रेषा वेगळी दिसते, दुरून पाहिल्यास पाण्यावर पसरलेले एक हलते जाळे भासते. त्याच्या कडेला माणसे अगदी लहान असतात. लग्नचौकात रेषा ही आकृती घडविण्याचे साधन होती, तर येथे ती स्वतःच विषय बनते. विधीतील कोणत्याही चौकात नसलेली ही रचना एका व्यक्तीच्या दीर्घ चिंतनाचे फलित आहे. म्हसे यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाचा पुरावा कोठे शोधावा, असे कोणी विचारल्यास या जाळ्यांकडे निःशंकपणे बोट दाखविता येते.

साधनांच्या बाबतीतही त्यांनी सातत्य आणि बदल यांचा मेळ घातला. कागदावर वा कापडावर शेणाचा किंवा गेरूचा थर देऊन भिंतीचा पोत त्यांनी कायम राखला. पांढऱ्या रंगासाठी मात्र पुढे टिकाऊ रंग स्वीकारला. रंगांची संख्या वाढविण्याचा मोह त्यांनी टाळला. एका पांढऱ्या रेषेवर त्यांचा विश्वास अखेरपर्यंत राहिला.

जागतिक कलाविश्वात : दोन प्रसंग

म्हसे यांच्या कलाप्रवासातील दोन आंतरराष्ट्रीय प्रसंग विशेष विचार करण्याजोगे आहेत. पहिला प्रसंग १९८९ सालचा. जाँ-उबेर मार्तें यांनी पॅरिस येथे ‘मॅजिसिएँ द ला तेर’ म्हणजे ‘पृथ्वीचे जादूगार’ या नावाचे प्रदर्शन भरविले. जगभरातील सुमारे शंभर कलावंतांच्या या प्रदर्शनात निम्मे पाश्चात्य आणि निम्मे इतर खंडांतील होते. भारतातून म्हसे यांच्याबरोबर प्रधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचाही समावेश होता.

याच प्रदर्शनात सेनेगलच्या सेनी अवा कामारा यांची मृत्शिल्पे होती. कासामांस प्रांतातील बिन्योना येथील या कलावतीने मातीकाम आपल्या आईकडून शिकून घेतले. तिच्या प्रदेशात मडकी घडविणे हे स्त्रियांचे परंपरागत काम. कामारा यांनी त्याच मातीतून, अंगाखांद्यावर असंख्य मुले बिलगलेल्या मातृरूपांच्या आकृती घडविल्या आणि उघड्या आगीत भाजल्या. २००१ साली व्हेनिस बिएनालेतही त्यांची शिल्पे होती. कामारा आणि म्हसे यांच्यातील साम्य उद्बोधक आहे. दोघांचेही साहित्य स्त्रियांच्या घरगुती परंपरेतून आले, दोघांनीही औपचारिक कलाशिक्षण घेतले नव्हते आणि दोघांनीही परंपरेत नसलेली रूपे निर्माण केली. फरक एवढाच की सेनेगलमध्ये ती परंपरा पुढे नेणारी व्यक्ती स्त्रीच होती, तर डहाणूत स्त्रियांची रेषा जगापुढे आली ती एका पुरुषाच्या नावाने.

प्रदर्शनाच्या शीर्षकातील ‘जादूगार’ हा शब्दही दुर्लक्षिता येत नाही. सर्व कलावंतांना समान पातळीवर आणण्याचा त्यामागे हेतू होता. मात्र या शब्दाने आफ्रिकी व आशियाई कलावंतांना पुन्हा गूढतेच्या वलयात बसविले, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला. म्हसे यांच्या चित्रातील कौशल्य जादूचे नसून सरावाचे आहे, हे ध्यानात घेतल्यास आक्षेपातील तथ्य पटते.

दुसरा प्रसंग २००३ सालचा. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील कलासंग्रहालयात म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग यांची ख्याती चालण्यातून, तसेच दगड व मातीच्या वर्तुळांतून घडविलेल्या कलेसाठी आहे. तेही १९८९ च्या प्रदर्शनात सहभागी होते. लाँग यांनी वारली प्रदेशात येऊनही काम केले. येथे दोन नावांच्या दोन कलावंतांमध्ये संवाद घडला. ‘पाश्चात्य कला’ आणि ‘आदिवासी कला’ अशा दोन वर्गांची ती भेट नव्हती. कलासंग्रहालयाच्या दृष्टिकोनात चौदा वर्षांत झालेला हा बदल महत्त्वाचा होय.

सन्मान आणि जमीन

म्हसे यांना २००२ साली शिल्पगुरू सन्मान, २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार आहेत.

या सन्मानांच्या यादीशेजारी आणखी एक नोंद ठेवावी लागते. १९७० च्या दशकात राष्ट्रीय गौरवाच्या निमित्ताने त्यांना जमीन देण्याचे आश्वासन मिळाले होते. ते प्रत्यक्षात येण्यास तीन दशकांहून अधिक काळ गेला. ज्या चित्रकाराने आयुष्यभर भाताची खाचरे रंगविली, त्याला स्वतःच्या खाचरासाठी इतकी प्रतीक्षा करावी लागली. सन्मान व्यक्तीच्या कलेला मिळतो, परंतु ती व्यक्ती ज्या समाजात राहते त्या समाजाचे मूलभूत प्रश्न सन्मानाने सुटत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

कर्तृत्व, हक्क आणि बाजारपेठ

म्हसे यांच्या यशानंतर गंजाड व परिसरातील अनेक तरुण या कलेकडे वळले आणि चित्रकला हे उपजीविकेचे साधन झाले. गंजाडचे राजेश वांगड यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्या छायाचित्रांवर रेखाटने करून एक संयुक्त मालिका घडविली, ती या परंपरेच्या पुढील वाटचालीचे उत्तम उदाहरण आहे. दुसरीकडे वारली आकृत्या साड्या, चादरी, कप, हॉटेलांच्या भिंती आणि जाहिराती यांवर सर्वत्र दिसू लागल्या. त्यांपैकी बहुसंख्य आकृत्या वारली हाताने काढलेल्या नसतात.

या संदर्भात कायद्याची स्थिती समजून घेणे उपयुक्त ठरेल. आदिवासी युवा सेवा संघाच्या पुढाकाराने २०१३-१४ या वर्षात वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशन मिळाले. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यानुसार ही नोंदणी त्या नावाचे व त्या प्रदेशातील उत्पादकांचे संरक्षण करते. एखाद्या विशिष्ट चित्रकाराच्या विशिष्ट चित्राचे संरक्षण ती करीत नाही. ते काम १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे आहे. त्यानुसार कलाकृतीवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दोन त्रिकोणांच्या माणसावर कोणाचाही प्रताधिकार असू शकत नाही, कारण तो समूहाचा वारसा आहे. परंतु म्हसे यांच्या जाळ्याची रचना ही त्यांची निर्मिती आहे आणि तिची विनापरवाना नक्कल हा त्या कायद्याचा भंग ठरतो.

समूहाचा वारसा आणि व्यक्तीची निर्मिती यांतील ही सीमारेषा कलासमीक्षेतही तितकीच आवश्यक आहे. ती न पाळल्यास दोन प्रकारचा अन्याय होतो. सर्व चित्रे ‘वारली’ म्हणून एकाच राशीत टाकली की म्हसे यांची प्रतिभा अदृश्य होते. याउलट वारली चित्रकलेचे ‘जनक’ असे त्यांचे वर्णन केले की, पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवासिनी अदृश्य होतात. ज्यांच्या रेषेवर हे सर्व उभे राहिले त्या स्त्रियांपैकी फारच थोड्यांची नावे नोंदली गेली. कागद आला तेव्हा तो पाड्याबाहेरच्या व्यवहाराची भाषा घेऊन आला. प्रवास, प्रदर्शन, मोबदला आणि अधिकाऱ्यांशी बोलणे या गोष्टी पुरुषांना तुलनेने सुलभ होत्या. विधीची मालकी स्त्रियांकडे राहिली आणि बाजाराची ओळख प्रामुख्याने पुरुषांकडे गेली. यात म्हसे यांचा दोष नाही, तथापि त्यांच्या कार्याचे मूल्यमापन ही बाब वगळून पूर्ण होऊ शकत नाही.

झाडीपट्टीतील अध्यापनाच्या दृष्टीने

देवरी हा गोंदिया जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुका असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये गोंड व इतर आदिवासी समाजांतील मुलामुलींची संख्या लक्षणीय असते. त्यांच्यासाठी म्हसे यांचा अभ्यास हा दूरच्या उत्तर कोकणातील एका चित्रकाराचा परिचय एवढाच राहत नाही. म्हसे यांच्याबरोबर पॅरिसला ज्यांची चित्रे गेली, ते जनगढसिंह श्याम हे देवरीच्या उत्तरेकडील मध्य प्रदेशातील पाटनगढचे. भोपाळच्या भारत भवनच्या माध्यमातून चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना पुढे आणले आणि त्यांच्या शैलीतून समकालीन गोंड चित्रकलेची एक शाखाच उभी राहिली. २००१ साली जपानमध्ये असताना त्यांचा अकाली मृत्यू झाला. परक्या मुलखात कलावंताला एकाकी सोडणाऱ्या व्यवस्थेविषयी त्या मृत्यूने प्रश्न उभे केले.

झाडीपट्टीची स्वतःची कलासंपदाही विपुल आहे. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई, त्यातील दंडार, लग्नगीते आणि गोंदण यांचे संकलन विविध विद्याशाखांतून होत आले आहे. अशा संकलनात गीताचे शब्द, नृत्याचे प्रकार व विधीचे टप्पे काळजीपूर्वक नोंदले जातात. मात्र माहिती देणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख बहुधा ‘एक वृद्ध महिला’ किंवा ‘गावातील जाणकार’ असा होतो. म्हसे यांच्या उदाहरणावरून क्षेत्रकार्याची एक साधी पद्धती सुचते. संमतीने व्यक्तीचे नाव नोंदवावे. तिने ते कौशल्य कोणाकडून घेतले हे विचारावे. परंपरेत नसलेले असे तिने स्वतः काय जोडले, हेही विचारावे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो विचारल्याखेरीज माहितीदार हा कलावंत ठरत नाही.

निष्कर्ष

१. वारली चित्रकलेचा पाया स्त्रियांनी विधीच्या निमित्ताने जतन केलेली सामूहिक रेषा हा आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेषा प्रसंगापासून मुक्त करून तिला रोजच्या जीवनाचे, श्रमाचे आणि गतीचे वर्णन करण्यास समर्थ केले.

२. त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व आकार बदलण्यात नसून, त्याच आकारांच्या रचनेत आहे. तारपा नृत्याची वेटोळी आणि मासेमारीची जाळी ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३. कागद, कलादालन आणि शासकीय योजना यांनी त्यांच्या कलेला प्रेक्षक व स्थैर्य दिले. तथापि या साधनांनाच कलेचे उगमस्थान मानणे योग्य नाही.

४. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय सन्मानांमुळे आदिवासी चित्रकाराला नाव मिळाले. जमीन, मोबदला आणि स्त्रियांच्या योगदानाची नोंद हे प्रश्न केवळ सन्मानाने सुटले नाहीत.

५. समूहाचा वारसा आणि व्यक्तीची निर्मिती या दोहोंची स्वतंत्र नोंद घेणे, हे कायद्याच्या, समीक्षेच्या आणि अध्यापनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

आज वारली आकृती शालेय चित्रकलेच्या वहीतही सहज काढली जाते. दोन त्रिकोण जोडून माणूस काढता येणे म्हणजे मुळाक्षरे येणे होय. त्या मुळाक्षरांतून वाक्य कसे लिहावे, हे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे समोर ठेवून आणि ती मुळाक्षरे जपणाऱ्या सवासिनींचे स्मरण ठेवून शिकविता येईल.